पंपाच्या तोंडातला बोळा

त्या वर्षी आमच्या घरात माणसांपेक्षा कापसाला जागा जास्त होती. मधली खोली आढ्यापर्यंत भरलेली, समोरच्या खोलीत अर्ध्या भिंतीला टेकलेला ढीग, आणि स्वयंपाकघराच्या दारात एक बारदान टांगलेलं, म्हणजे तंतू चुलीपर्यंत जाऊ नयेत. तरी ते जायचेच. वरणात सापडायचे, भाकरीच्या पिठात सापडायचे, सकाळी डोळे उघडले की पापण्यांवर सापडायचे. भाव पडला होता. बाबा संध्याकाळी रेडिओ कानाशी धरायचे, बाजारभाव ऐकायचे आणि खटका बंद करायचे. "थांबू अजून," एवढंच म्हणायचे. घाटंजीच्या आसपासची सगळीच गावं तेव्हा थांबलेली होती. घराघरात कापूस, आणि माणसं ओट्यावर. आम्ही दोघी बहिणी कापसावरच गोधडी टाकून झोपायचो. ऊब छान, पण सकाळी हातापायांवर लाल पुरळ. माय त्यावर करंजाचं तेल चोळायची आणि म्हणायची, "कापसाची खाज कापूस गेला की जाते." कापूस जात नव्हता.

माझी मोठी बहीण शालूताई. तिला लहानपणापासून दमा. त्या कापसाच्या घरात तिची छाती दिवसभर वाजायची; झाकण ठेवलेलं चहाचं भांडं उकळतं ना, तशी, बारीक आणि न थांबता. आज मी कुणाच्याही घरात शिरले की आधी पाहते, दम्याचा माणूस कुठं झोपतो, तिथं उशी कसली आहे, धूळ कसली आहे. तेव्हा आमच्यापैकी कुणाला हे सुचलं नाही. शेतात कापूस, अंगणात कापूस, मग घरात असला तर काय झालं? पाण्यात राहणाऱ्याला पाणी कसं दिसणार, तसं काहीतरी.

यवतमाळच्या डॉक्टरांनी तिला दोन पंप दिले होते. एक रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, दम नसला तरी. दुसरा निळा, दम लागला की घ्यायचा. गावात पंप म्हटलं की पाठीवरचा फवारणीचा, म्हणून आमच्या घरी या दोघांना 'ताईचे पंप' असं नाव होतं. रोजचा पंप संपला तेव्हा पुन्हा आणला नाही. मायचा हिशेब साधा होता: तो मारून लगेच काही फरक पडत नाही, मग तो कायले आणायचा? निळा मारला की ताई दोन मिनिटांत बोलायला लागते, म्हणजे खरं औषध तेच. मी आता पन्नाशीत आहे, आमच्या घरातली सगळी औषधं मी एका डब्यात ठेवते, कशावर कोणती तारीख आहे ते मला तोंडपाठ असतं, आणि तरीही मायचा तो हिशेब मला मूर्खपणाचा वाटत नाही. तो कोणालाही पटेल असाच होता. म्हणून तर तो धोक्याचा.

निळ्या पंपाचं टोपण कापसात हरवलं. दोघींनी ढीग उकरून पाहिला, तर मायनं ओरडून बाहेर काढलं. टोपण हरवणं ही आमच्याकडे मोठी गोष्ट नव्हती, कारण मायकडे प्रत्येक तोंडाला एकच उपाय होता: कापसाचा बोळा. रॉकेलच्या बाटलीला बोळा, तेलाच्या शिशीला बोळा, आंघोळीनंतर बाबांच्या दुखऱ्या कानात बोळा, भिंतीतल्या ज्या भोकातून मुंग्या यायच्या त्या भोकातही बोळा. तिनं चालता चालता ढिगातून चिमूटभर कापूस ओढला, बोटांत फिरवला आणि पंपाच्या तोंडात दाबला. "आता धूळ नाही जाणार," ती म्हणाली, आणि पंप दिव्याशेजारच्या कोनाड्यात ठेवला. ताई वापरताना बोळा काढायची, वापरून झाला की परत लावायची. काही दिवस ते नीट चाललंही.

मग पाहुण्यांचा निरोप आला. पांढरकवड्याकडचं घर, मुलगा तिथल्या एका कृषी केंद्रात कामाला. बाबा खूश, माय त्याहून खूश, आणि ताई आरशासमोर उभी राहून म्हणाली, "मले पाहाले येऊन राह्यले का कापूस पाहाले? बसवणार कुठं त्यांले?"

"कापूस एका बाजूले सारू," माय म्हणाली. "आन ऐक शालू. तो पंप त्यांच्यासमोर काढाचा नाही."

"आन दम लागला तं?"

"नाही लागत. पंख्याखाली बसजो, कमी बोलजो."

"कमी बोलल्यानं दम थांबते काय व माय?"

"थांबते. तू बोलतेच जास्त."

मी हसले. ताईही हसली, पण हसता हसता तिची छाती वाजली, आणि मायनं असं पाहिलं की आम्ही दोघी गप्प झालो. दमेकरी पोरीला कोण करते, ही भीती गावात कुणाला समजावून सांगावी लागत नव्हती. पाहुणे येण्याच्या सकाळी मायनं कोनाडा झाडला, पंप उचलला आणि समोरच्या खोलीतल्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून खुपसून ठेवला. "इथं हाये बरं," ती मला म्हणाली, "खिडकीच्या खाली." म्हणजे तिच्याही मनात दम लागेल ही शंका होती.

पाहुणे जीपने आले. मुलगा, त्याचे वडील आणि आई. मुलगा पायांकडे पाहत बसला. वडील भारदस्त, आवाज मोठा, बसल्या बसल्या कापसाचा ढीग हातानं दाबून पाहिला आणि बाबांना म्हणाले, "माल चांगला हाये, पण ठेवून चूक केली तुमी." आई म्हणजे कौसल्याबाई. बारीक अंगाची बाई, मांडीवर कापडी पिशवी, ती एकदाही खाली ठेवली नाही. बाबांनी बुद्धाच्या तसबिरीसमोर अगरबत्ती लावली, तशी त्या उठून दारापाशी जाऊन बसल्या. "इथं हवा हाये," म्हणाल्या. आम्हाला वाटलं, पाहुणी जरा नखरेल दिसते.

आत माय पोह्यांना फोडणी देत होती. मिरचीचा ठसका बारदानाच्या कडेनं बाहेर आला, अगरबत्तीचा धूर खोलीत फिरत होता, आणि नव्या साडीतली ताई कापसाला पाठ लावून बसली होती. आज मी ते चित्र आठवते तेव्हा त्यातलं काहीच बरोबर दिसत नाही. तेव्हा सगळं पद्धतशीर वाटत होतं. वडिलांनी विचारलं, स्वयंपाक येते काय? शिकली किती? मग म्हणाले, "पोरीची तब्येत बरी राह्यते ना? नाही, विचारलेलं बरं. आमच्या घरी कोणी साधी गोळीबी घेत नाही. आमच्या मंडळींले विचारा." कौसल्याबाईंनी चहाच्या कपात पाहिलं आणि मान हलवली.

"बरी राह्यते," बाबा म्हणाले.

तेवढ्यात ताईला पहिली ढास लागली. तिनं ती गिळली. दुसरी गिळता आली नाही. मग तिचे खांदे वर चढायला लागले, गळ्याखालचा खड्डा आत ओढला जायला लागला, आणि तिचं ते उकळत्या भांड्याचं वाजणं साऱ्या खोलीत ऐकू आलं. मुलानं पहिल्यांदा मान वर केली. माय आतून हळदभरल्या हातानं धावत आली, खिडकीखाली गुडघ्यावर बसली आणि ढिगात हात घालून शोधायला लागली. कापूस उडत होता. पंप हाताला लागेना. मी दुसऱ्या बाजूनं उकरलं. शेवटी तो निघाला, सगळीकडून तंतू चिकटलेला, पांढऱ्यातून पांढराच होऊन. मायनं पदरानं वरवर पुसला, ताईच्या तोंडाला लावला, म्हणाली, "वढ!" आणि दाबला.

ताईनं जीव एकवटून श्वास ओढला. पंपाचा तो 'फुस्स' असा ओळखीचा आवाज आलाच नाही; काहीतरी दबल्यासारखं झालं. आणि ताईचे डोळे मोठे झाले. तिनं दोन्ही हातांनी गळा धरला. वाजणंही बंद झालं. त्या खोलीत त्या क्षणी जी शांतता झाली ती मला आजही अंगावर येते, कारण तोवर मला वाटायचं की दम्याचा आवाज ही वाईट गोष्ट आहे. आवाज थांबणं किती वाईट, ते तेव्हा कळलं.

"बोळा!" मी ओरडले. "माय, बोळा तसाच व्हता!"

माय पंपाच्या तोंडाकडे पाहत राहिली. तोंड रिकामं होतं. बाबा उभे राहिले आणि उभेच राहिले. हललं कोण, तर कौसल्याबाई. त्या दारापासून उठल्या, ताईला कमरेत वाकवलं, एका हातानं छाती धरली आणि दुसऱ्या हाताच्या टाचेनं पाठीच्या मधोमध असे दणके दिले की मी घाबरले, ही बाई हिला मारते काय. चौथ्या की पाचव्या दणक्याला ताई खोकली, आणि तिच्या तोंडातून लाळेत भिजलेला कापूस बाहेर पडला. मग ती ओरडल्यासारखा श्वास घेऊन रडायला लागली. मायनं तो ओला कापूस उचलून मुठीत धरला. "निघाला व माय," असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "निघाला."

पण दम काही थांबेना. पाहुण्यांच्याच जीपमध्ये घालून ताईला घाटंजीच्या दवाखान्यात नेलं. कौसल्याबाई सोबत बसल्या. त्यांचे यजमान पुढच्या सीटवर. तिथले डॉक्टर तरुण होते. त्यांनी नळीतून वाफेचं औषध लावलं, इंजेक्शन दिलं, छाती तपासली, थोड्या वेळानं परत तपासली. मग मागून तपासली. कपाळावर आठी.

"डावीकडं मोकळं झालं," ते म्हणाले. "उजवीकडं खाली हवाच जात नाही. हिला आधीपासून दमा आहे?"

"नाही जी," माय म्हणाली. "आजच. पह्यल्यांदाच."

मी मायकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिची नजर दारात उभ्या असलेल्या पाहुण्यांवर होती. तिच्या डोळ्यांसमोर पोरगी गुदमरली होती, आणि तरी ती लग्न वाचवत होती. मी कुठली भूत-पिशाच्चं मानत नाही, पण त्या वेळी मायच्या तोंडून दुसरंच कुणी बोलल्यासारखं वाटलं.

"मग ठसका कशानं लागला?" डॉक्टरांनी विचारलं. "काही खात होती? शेंगदाणा, चणा?"

"नाही."

"बाई, नीट सांगा. छातीत काही गेलं असेल तर औषधानं निघत नाही ते. ते शोधावं लागते."

ताईला बोलता येत नव्हतं. ती फक्त मायकडे पाहत होती, नाकपुड्या फुलवून, आणि तिच्या ओठांचा रंग जांभळाच्या सालीसारखा होत चालला होता. मायनं तो रंग पाहिला. मग तिनं पदर डोक्यावरून काढून हातात घट्ट गुंडाळला आणि सगळ्यांसमोर, पाहुण्यांसमोर, एका दमात सगळं सांगितलं: दमा लहानपणापासून आहे, दोन पंप दिले होते, रोजचा मी बंद केला, निळ्याचं टोपण हरवलं, बोळा मी लावला, पंप मीच लपवला, मीच दाबला. "माह्याच हातानं," ती म्हणाली. "बोळा निघाला पण. मी पाह्यला. हा पाहा." तो ओला कापूस तिनं पदराच्या गाठीत बांधून आणला होता.

डॉक्टरांनी तो बोटांनी पिंजला. मग विचारलं, "हा दुकानातला, बी काढलेला कापूस आहे का ढिगातला?"

"ढिगातला."

"मग यातली सरकी कुठं आहे?"

आमचं सगळं घर कापसाचं. ढिगातल्या कापसाच्या प्रत्येक चिमटीत बी असतं, हे आम्हाला कोणी शिकवायला नको होतं. तरी त्या प्रश्नापर्यंत आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात ते आलं नव्हतं.

"सरकी ओली झाली की काय होते, तुम्हाला माहीत आहे," डॉक्टर म्हणाले.

मायला माहीत होतं. म्हशीसाठी ती रोज सरकी भिजत घालायची. सकाळी ती फुगून दुप्पट झालेली असायची. बाबांनी मायला धरलं.

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात तोंडातून दुर्बीण घालून ती सरकी काढली. आम्ही बाहेर बाकावर. बाबा ये-जा करत होते. माय पाणीही घेत नव्हती. डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी स्टीलच्या छोट्या वाटीत आम्हाला ती दाखवली: फुगलेली, तपकिरी, एका बाजूला अजून तंतू चिकटलेले. एवढीशी. मी त्या आधी हजारो सरक्या हातात धरल्या असतील. त्या एका सरकीकडे मला धड पाहवलं नाही. "वेळेवर आणली," डॉक्टर म्हणाले. "आणि खरं सांगितलं ते बरं केलं. नाही तर दम्याचंच औषध देत बसलो असतो."

ताई शुद्धीवर आली, दुसऱ्या दिवशी बोलायला लागली, आणि एका नर्सनं तिला पंप घेऊन दाखव म्हटलं. ताईनं नेहमीसारखा तोंडाजवळ धरला, दाबला, मग ओढला. नर्स म्हणाली, "हे सगळं तर जिभेवर गेलं." आमच्यासाठी हा दुसरा धक्का. इतकी वर्षं अर्धं औषध जिभेवरच पडत होतं. मग तिनं शिकवलं. आधी टोपण काढून तोंडात डोकावून पाहायचं, दर वेळी, टोपण असलं तरी. हलवायचा. श्वास पूर्ण सोडायचा. ओठ घट्ट लावून हळू ओढायला सुरुवात करायची, आणि ओढता ओढताच दाबायचा. मग श्वास जमेल तेवढा धरून ठेवायचा. रोजचा पंप घेतल्यावर चूळ भरायची, आणि बरं वाटलं म्हणून तो आपल्या मनानं बंद करायचा नाही. हे मी आजही अनोळखी माणसालाही बसस्टँडवर सांगते. लोकांना ते आगाऊपणाचं वाटलं तर वाटो.

त्याच दुपारी कौसल्याबाई आल्या. हातात डबा: ज्वारीच्या भाकरी, अंबाडीची भाजी, मिरचीचा ठेचा वेगळ्या कागदात, "पोरीले देऊ नका," असं सांगून. यजमान खाली जीपपाशी थांबले होते. मायला वाटलं, नकार सांगायला आल्या. ती त्यांच्या पायाच पडायला निघाली. कौसल्याबाईंनी तिला हातानंच थांबवलं, ताईच्या खाटेवर, वॉर्डाकडे पाठ करून बसल्या, आणि मांडीवरच्या त्या पिशवीतून, रुमालात गुंडाळलेला, निळा पंप काढला.

"मलेबी हाये," त्या हळू म्हणाल्या. "किती वर्षांपासून. माह्या भावानं आणून देल्ला. गोठ्यामागं जाऊन घेतो मी. ह्यायले माहीत नाही. पोराले माहीत नाही." मग ताईला म्हणाल्या, "तुले आत्ता कसा घ्याचा ते सांगतलं ना? मले दाखव. मी तं कोणाले विचारूच शकली नाही."

ताईनं तो पंप हातात घेतला, तोंडात डोकावलं. आत धूळ आणि पिशवीतल्या सुपारीचा एक तुकडा. ताईनं तो आपटून काढला, पंप पुसला, हलवला, आणि कौसल्याबाईंना श्वास सोडायला लावला. पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदा जमलं. "हे कोण्या डॉक्टरले दाखवा आधी, मावशी," ताई म्हणाली. "तुमाले हाच पाह्यजे का दुसरा, ते भावाले काय माहीत?" कौसल्याबाईंनी डोळे मिटून श्वास धरून ठेवला होता. सोडला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मग त्या मायकडे वळल्या. "मले पोरगी पसंत हाये. पोरगाबी हो म्हनते. ह्यायले मी सांगीन, हिचा दमा बरा झाला म्हनून. चालून जाईन."

मायच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही: सुटका. तिनं हात जोडले. आणि ताई, जिला अजून जोरात बोलायचीही मनाई होती, ती उशीला टेकून म्हणाली, "नाही, मावशी."

"काहून व?" माय किंचाळलीच.

"त्या घरात एक जण गोठ्यामागं जाऊन श्वास घेते," ताई म्हणाली. "दोघींले तेवढी जागा पुरायची नाही."

मायनं कपाळाला हात लावला. मला वाटलं कौसल्याबाई चिडतील, डबा उचलून निघतील. त्या उठल्या, साडी सारखी केली, पिशवी खांद्याला अडकवली. रुमाल पिशवीत टाकला. पंप टाकला नाही.

मी खिडकीपाशी गेले. खाली जीपपाशी त्यांचे यजमान बीडी ओढत उभे होते. कौसल्याबाई पायऱ्या उतरल्या, त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबल्या, त्यांच्या हातातली बीडी घेऊन पायाखाली विझवली, आणि त्यांच्या तोंडासमोर, भर दुपारी, दवाखान्याच्या दारात, पंप हलवून तोंडाला लावला.